हिमोग्लोबिनच्या खालची ओळ

"सीबीसीत हिमोग्लोबिन तेवढं बघायचं, बाकीचे आकडे मशीन छापतं म्हणून छापलेले असतात." बारामतीत, इंदापुरात, भिगवणच्या बाजारपेठेत रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. कधी लॅबमधला मुलगा, कधी मेडिकलवाला, कधी शिबिरात टेबलामागे बसलेलं कुणी, आणि बऱ्याचदा घरातलाच चार बुकं शिकलेला माणूस. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. समोरच्याला घाबरवायचं नसतं, पंधरा-वीस आकड्यांच्या गर्दीत त्याला हरवू द्यायचं नसतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. त्याची किंमत आपल्या भागातली काही घरं मोजतात, आणि ती कशापायी मोजतोय हे त्यांना कळतही नाही.

या मताच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही, म्हणून आधी तेच मांडतो. आपल्याकडे रक्तक्षयाचं सर्वांत मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयाच्या व्याख्येत बसले. एवढ्या मोठ्या संख्येपुढे व्यवस्थेला सोपा नियम लागतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११च्या खाली, इतर बाईचं १२च्या खाली, पुरुषाचं १३च्या खाली गेलं की लोहाच्या गोळ्या सुरू. आशाताईंना एकच आकडा लक्षात ठेवायचा असतो आणि त्या तो ठेवतात. उन्हातान्हात वस्त्यांवर फिरून त्यांनी पोचवलेल्या लाल गोळ्यांनी किती बायकांची बाळंतपणं सुखरूप पार पडली असतील! त्या कामाला कमी लेखणारं एक अक्षरही मला लिहायचं नाही.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. हिमोग्लोबिनपासून सुरुवात करा, हा नियम ठीक. हिमोग्लोबिनपाशीच थांबा, हा नियम कुणी केला? कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात तो नाही. तो आपल्या सवयीने तयार झाला, आणि त्याच्या पोटी आणखी तीन समजुती जन्मल्या. लाल पेशींची संख्या रेंजमध्ये असली म्हणजे रक्त चांगलं. ती रेंजच्या वर असली म्हणजे रक्त आणखी चांगलं. आणि थॅलसेमिया हा सिंधी, पंजाबी, गुजराती लोकांचा आजार, आपल्यात तो नसतो. तिन्ही समजुती खोट्या आहेत. तिसरी सर्वांत घातक आहे.

तीन बायकांचे रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण असे रिपोर्ट कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये सापडतील. तिघींचंही हिमोग्लोबिन १०.८. पहिलीच्या लाल पेशी घनमिलिमीटरला ४६ लाख, म्हणजे रिपोर्टवर ४.६, आणि पेशीचं सरासरी आकारमान, ज्याला रिपोर्टवर एमसीव्ही म्हणतात, ते ७४. दुसरीच्या पेशी ५७ लाख आणि एमसीव्ही ६१. तिसरीच्या पेशी ३० लाखच, पण एमसीव्ही १०८. प्रौढ बाईत लाल पेशी साधारण ३८ ते ४८ लाख असतात, पुरुषात ४५ ते ५५ लाख, आणि एमसीव्ही ८० ते १००च्या दरम्यान. लॅबप्रमाणे या हद्दी थोड्या मागेपुढे होतात.

आता वर सांगितलेल्या नियमाने या तिघींचं काय होईल? तिघींनाही तीच लाल गोळी, तोच बीटाचा रस, तोच खजूर. खरं तर पहिलीचं चित्र लोहाच्या कमतरतेचं आहे. तिसरीचं चित्र बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असल्याचं आहे, आणि बी-१२ कमी असेल तर लोहाच्या गोळ्या तिने वर्षभर खाल्ल्या तरी मूळ दुखणं तसंच राहील. दुसरीच्या बाबतीत थॅलसेमियाची वाहक असण्याची दाट शंका घ्यायला हवी. आणि नेमकी तीच बाई "लाल पेशी तर भरपूर आहेत, काळजी नको" असं ऐकून घरी जाते.

ऊस पिकवणाऱ्याला हे समजावायला वेळ लागू नये. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या काट्यावर ट्रॉलीचं वजन होतं. वजन कमी भरलं तर शेतकरी एवढ्यावर थांबत नाही. ऊस संख्येने कमी होते, की ऊस भरपूर होते पण कांडीच बारीक राहिली, हे तो लगेच विचारतो, कारण दोन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. हिमोग्लोबिन हे काट्यावरचं वजन आहे. लाल पेशींची संख्या ही उसांची संख्या आहे, एमसीव्ही ही कांडीची जाडी. लोहाच्या कमतरतेत शरीराकडे मालच कमी, म्हणून पेशी लहान होतात आणि पुढे पुढे संख्येनेही घटतात. थॅलसेमियाच्या वाहकात लोह असतं, पण हिमोग्लोबिनची एक साखळी बनवण्याची सूचना जनुकातच अर्धी बिघडलेली असते. पेशी लहान निघतात, आणि ती उणीव भरायला शरीर लहान पेशींचीच संख्या वाढवतं. म्हणून तिथे संख्या जास्त आणि आकार फारच लहान, अशी जोडी दिसते.

एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं, उत्तर १३च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे बघायचं, १३च्या खाली आलं तर थॅलसेमियाच्या वाहकाकडे, असा एक साधा हिशेब १९७३ साली मेंट्झर यांनी मांडला. आपल्या पहिल्या बाईचं उत्तर १६ येतं, दुसरीचं १०.७. हा हिशेब निदान नव्हे. तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, आणि एकाच बाईत लोहाची कमतरताही असते आणि थॅलसेमियाचं वाहकपणही, तेव्हा तर गोंधळ आणखी वाढतो. पण पुढची तपासणी कुणाची करायची हे ठरवायला तो पुरेसा आहे, आणि त्यासाठी एक रुपयाही वेगळा लागत नाही. दोन्ही आकडे रिपोर्टवर छापलेले असतातच.

"मशीन छापतं म्हणून छापलेले" या शब्दांवर मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण इथे सवयीची मुळं सापडतात. लाल पेशी मोजायला माणसाने सुरुवात केली ती १८५०च्या दशकात. त्यानंतर शंभर वर्षं हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, चौकोन आखलेल्या काचेवर, डोळ्यांनी चाललं. रक्त पातळ करायचं, काचेवर थेंब सोडायचा, चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. पिपेट भरताना थोडं इकडेतिकडे झालं, एखाद्या चौकोनात दाटी झाली की उत्तर दहा-वीस टक्क्यांनी सहज हलायचं. त्या काळातल्या डॉक्टरांचा लाल पेशींच्या संख्येवर विश्वास नव्हता तो योग्यच होता. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हिमोग्लोबिन बघायला शिकवलं, विद्यार्थ्यांनी कंपाउंडरला, आणि तीच शिकवण पिढ्या ओलांडून लॅबच्या काउंटरवर येऊन बसली.

मधल्या काळात मशीन बदललं. वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसाच्या शोधाला १९५३ साली पेटंट मिळालं. त्याचं तत्त्व असं: पातळ केलेलं रक्त एका अतिशय बारीक छिद्रातून ओढायचं आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना विजेचा हलका प्रवाह ठेवायचा. पेशी छिद्रातून गेली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळे किती आले यावरून पेशींची संख्या कळते आणि प्रत्येक अडथळा केवढा होता यावरून पेशीचा आकार. आज तालुक्याच्या गावात जी छोटी मशीनं दिसतात, त्यांतली बरीचशी याच तत्त्वावर चालतात. म्हणजे लाल पेशींची संख्या आणि त्यांचा आकार हे मशीनने स्वतः हजारो पेशी एकेक करून मोजून काढलेले आकडे आहेत. त्यांच्या खाली छापलेले काही आकडे गणिताने काढलेले असतात, हे खरं. पण ज्या दोन ओळी आपण ओलांडून पुढे जातो त्या मशीनचं मूळ काम आहेत. आजोबांच्या काळात रास्त असलेला अविश्वास नातवाच्या मशीनवर लादायचं काही कारण उरलेलं नाही.

मशीन चुकत नाही असं मात्र नाही. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त नीट हलवलं नाही आणि गुठळी झाली तर संख्या खोटी येते. सलाइन लावलेल्या हातातूनच रक्त काढलं तर ते पातळ झालेलं असतं. उन्हात दिवसभर पाणी न पिता राबलेल्या माणसाचं रक्त घट्ट होतं आणि लाल पेशी आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या आणि फुफ्फुसाच्या जुन्या दुखण्याच्या माणसाच्याही त्या वाढलेल्या असू शकतात. म्हणून "लाल पेशी जास्त म्हणजे ताकद जास्त" ही तालमीतली समजूत सोडून द्यावी. वाढलेली संख्या कुणाची, कशामुळे, आणि तिच्या शेजारचा आकाराचा आकडा काय, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थच लागत नाही.

संख्या रेंजमध्ये असली म्हणजे सगळं ठीक, ही पहिली समजूतही इथेच पडते. लोह कमी होऊ लागलं की शरीर आधी साठ्यातलं वापरतं, मग पेशी लहान करतं, आणि संख्या बरीच उशिरा ढासळते. आपल्या पहिल्या बाईच्या ४६ लाख पेशी रेंजमध्येच होत्या. तिला कुणी "रक्त नॉर्मल" म्हटलं असतं तर ते त्या एका ओळीपुरतं खरं आणि बाईच्या बाबतीत खोटं ठरलं असतं.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट आजच्यापुरता नसतो, मागचे चार महिने त्यात उतरलेले असतात. बीडकडून आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या कोयता टोळ्यांतल्या बायकांच्या बाबतीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी, पाळीतलं जास्तीचं अंगावर जाणं, आणि सुट्टी घेतली तर खाडा. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा बाईचं रक्त शिबिरात एकदा तपासलं जातं, "एचबी कमी आहे" म्हणून गोळ्यांचं पाकीट हातात पडतं आणि टोळी पुढच्या फडावर जाते. पेशी लहान आहेत, संख्याही घसरू लागली आहे, याचा अर्थ रक्त गेले कित्येक महिने जातंय, हे रिपोर्टवर लिहिलेलं असतं. ते कुणी वाचलं तर पाळीच्या रक्तस्रावावर वेळेत औषधोपचार होतील. शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाण्याआधीची ती संधी असते.

बीट आणि खजुराबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. प्रौढ भारतीय बाईची रोजची लोहाची गरज आयसीएमआरने २०२० साली २९ मिलिग्रॅम ठरवली आहे. रंग लाल म्हणून बीट रक्त वाढवतं, या समजुतीने किती घरांनी औषधाचे महिने वाया घालवले असतील. सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागात पिकणाऱ्या बाजरीत बीटापेक्षा कितीतरी जास्त, शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या पुढे लोह आहे. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलंही बरंचसं शरीरात शिरत नाही. लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या आणि कमतरता लोहाचीच असली तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वर यायला हवं. आलं नाही तर बाई गोळ्या खात नसेल असा आरोप करण्याआधी रिपोर्टवरच्या पुढच्या ओळी वाचाव्यात. आपल्याकडे तो आरोप फार लवकर होतो, आणि सुनेवर तर आणखी लवकर.

तिसऱ्या बाईची गोष्ट पुणे जिल्ह्याला परकी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ कमी आढळलं. माळकरी घरात, वारीच्या वाटेवरच्या आपल्या गावांत मांसाहार नसणं ही श्रद्धेची बाब आहे आणि ती आदरानेच पाळली जावी. पण बी-१२ वनस्पतीतून मिळत नाही, आणि दूध विकून उरलेल्या कपभर दुधात ते पुरेसं येत नाही. इथे आणखी एक फसवणूक होते. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी निघते अगदी मधली, आणि एमसीव्ही "नॉर्मल" छापून येतो. अशा वेळी पेशींच्या आकारात तफावत किती आहे ते सांगणारा आरडीडब्ल्यू वाढलेला असतो. हिमोग्लोबिनच्या पुढे नजर न नेणाऱ्याला हे दिसणारच नाही.

आता तिसऱ्या, सर्वांत घातक समजुतीकडे येतो. थॅलसेमिया आपल्यात नसतो, हे म्हणणारे जातीच्या आणि भाषेच्या भिंतींवर भरवसा ठेवतात. जनुकांना त्या भिंती ठाऊक नाहीत. काही समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाहकांचं प्रमाण १ ते ६ टक्के आढळलं. देशाचा अंदाज ३ ते ४ टक्क्यांचा आहे. ३ टक्के धरले तरी पाच हजार वस्तीच्या गावात दीडशे वाहक होतात. वाहक आजारी नसतो. तो कुस्ती खेळेल, ट्रॅक्टर चालवेल, ऐंशी वर्षं जगेल. नवरा आणि बायको दोघंही वाहक असले तरच प्रश्न उभा राहतो. मग प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला वर्ष-दोन वर्षांच्या आतच रक्त चढवायची वेळ येते आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साठतं, ते काढायला वेगळी औषधं. दर पंधरा दिवसांनी रोजगार बुडवून मूल पोटाशी धरून रक्तपेढीच्या फेऱ्या मारणारे आईबाप जिल्ह्याच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दिसतात. देशात अशी दहा हजारांहून जास्त मुलं दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे.

आणि आपल्या भागात एक गोष्ट जास्तीची आहे. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आजही अनेक घरांत ती मानाने पाळली जाते. समजा मुलगा वाहक आहे. ते जनुक त्याला आईकडून आलं असण्याची शक्यता दोनात एक. तसं असेल तर मामाकडेही ते असण्याची शक्यता दोनात एक. मामाकडून मुलीत येण्याची दोनात एक. तिन्ही मिळून आठात एक, म्हणजे साडेबारा टक्के. बाहेरची, नात्यात नसलेली मुलगी वाहक असण्याची शक्यता ३ टक्के धरली होती. नात्यातल्या लग्नात ती चौपटीच्या वर जाते. ज्या गावात "आपल्यात थॅलसेमिया नाही" असं म्हणतात, तिथेच वाहक एकमेकांच्या घरात लग्नं करत राहतात, कारण कुणी पाहिलेलंच नसतं.

नात्यातली लग्नं थांबवा, असं मी म्हणत नाही. ते कुणी ऐकणारही नाही, आणि त्याची गरजही नाही. रिपोर्ट वाचा, एवढंच मागणं आहे. दोघांतला एक वाहक नसेल तर मूल मेजर होत नाही. लग्न खुशाल करा.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो मुलींच्या बाजूने, आणि तो मी हलक्याने घेत नाही. "पोरगी वाहक निघाली तर तिचं लग्न कोण जमवणार?" शिबिरात मोठ्याने नाव पुकारून रिपोर्ट वाचून दाखवायची आपली पद्धत असेल तर ही भीती शंभर टक्के खरी ठरेल. म्हणूनच तपासणी आधी मुलांची व्हावी. महाविद्यालयात, तालमीत, पोलीस भरतीच्या तयारीला येणाऱ्या पोरांचं रक्त तपासावं, रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला द्यावा. सायप्रसमध्ये एकेकाळी थॅलसेमियाने आरोग्य खात्याचा कणा मोडायची वेळ आली होती. तिथे १९७०च्या दशकापासून मोहीम चालली, पुढे चर्चनेच लग्नाआधी दोघांकडून तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि बाधित मुलांचा जन्म जवळजवळ थांबला. लग्नं मात्र थांबली नाहीत. दोघंही वाहक असलेल्या जोडप्यांतल्या बहुतेकांनी लग्न केलंच आणि गर्भाची तपासणी करून घेतली. मुलीच्या बदनामीची भीती हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. ती भीती आहे म्हणून तपासणी दोघांची आणि गुप्त व्हायला हवी.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. आशाताईंनी आता भागाकारही करायचे का? त्यांनी एकही जास्तीचा आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. भागाकार संगणक करेल. लाल पेशी जास्त, एमसीव्ही कमी आणि भागाकार १३च्या खाली, अशा प्रत्येक रिपोर्टवर "हिमोग्लोबिन एचपीएलसी तपासणी करून घ्यावी" ही ओळ आपोआप छापायची सोय लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये एका दुपारात होईल. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या या एचपीएलसीत एचबीए-टू हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर वाहकपण बहुधा पक्कं होतं. ती तपासणी सीबीसीपेक्षा महाग आहे, म्हणूनच ती सरसकट न करता ज्याचा सीबीसी बोट दाखवतो त्याचीच करायची. त्याहीपेक्षा स्वस्त चाचणी आहे ती नेस्ट्रॉफ्ट, ०.३६ टक्के मिठाच्या द्रावणात रक्त टाकून पेशी फुटतात का ते बघण्याची, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. हे काही मी नवं सांगत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१६ साली हिमोग्लोबिनच्या विकारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१८च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही लोहाखेरीज इतर कारणांचा, त्यात हिमोग्लोबिनच्या विकारांचा, स्पष्ट उल्लेख आहे. गोळ्या वाटणारा कार्यक्रम गावात पोचला आणि त्याच कार्यक्रमाचं हे कलम वाटेत राहिलं.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवतो. हे वाचून कुणा गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. वाहक बाईतही लोहाची कमतरता असू शकते, आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासल्याशिवाय ती नाही असं म्हणता येत नाही. आक्षेप आहे तो वर्षानुवर्षं, कारण न शोधता, एकामागून एक टॉनिक आणि लोहाची इंजेक्शनं देत राहण्याला.

बारामतीला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पंधरा वर्षांपूर्वी "यासाठी पुण्याला जावं लागेल" हे उत्तर पटण्यासारखं होतं. आज नाही. नोंदणीला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचा पूर्ण सीबीसी वाचला जावा आणि शंका आली तर नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात घेतलं जावं, ही मागणी या संस्थांकडे करायला हवी. आठवडा म्हणतो त्याला कारण आहे. दोघंही वाहक निघाले तर गर्भाच्या वारेचा अंश घेऊन जनुकाची तपासणी करायची वेळ अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास असते. पाळी चुकल्यावर बाई दुसऱ्या महिन्यात नोंदणीला आली, सीबीसी झाला आणि रिपोर्ट फायलीत गेला. पाचव्या महिन्यात गोळ्यांनी फरक पडत नाही म्हणून कुणी पुन्हा उघडून पाहिला, तर ती वेळ निघून गेलेली असते. मग उरतात उशिराच्या, जास्त जोखमीच्या तपासण्या आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या मुदतीशी धावपळ. नवरा ऊसतोडीला, ट्रकवर किंवा पुण्यात कंपनीत असतो आणि "माझं रक्त कशाला" म्हणून टाळतो, हा अनुभव परिचारिका सांगतात. त्याला फोन करून बोलावून घ्यायचं काम सासऱ्यांनी आणि दिरांनी करावं, कारण सुनेच्या सांगण्यावर तो सुट्टी टाकणार नाही आणि मुदत तिच्या पोटात मोजली जात असते.